चाळिशीनंतरच्या ताकदीच्या व्यायामासाठी रबरी पट्टा: कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि कुठे कमी पडतो

पाळी मागेपुढे व्हायला लागली, जिना चढताना गुडघे बोलू लागले, तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवताना हात थरथरला, की घरातल्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो 'रोज चालायला जा' हा. सल्ला चांगलाच आहे. हृदय, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांना चालण्याचा फायदा होतो. पण दंड, खांदे आणि पाठ यांना चालण्यात फारसं काम मिळत नाही. रजोनिवृत्तीच्या आगेमागच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते ती नेमकी याच काळात. त्यातच स्नायूही कमी होत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत म्हणूनच आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाच्या व्यायामाबरोबर, किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीच्या सुमारास जाते, म्हणजे सुरुवात करायला चाळिशी हेच योग्य वय.

जिमला जाणं सगळ्यांना जमत नाही. वेळ नसतो, पैसे नसतात, संकोचही असतो. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट हातात देतात तो रबरी पट्टा, ज्याला बहुतेक जण थेराबँड म्हणतात, तो घरात आणण्याजोगा आहे का? आमचं मत आधीच सांगतो: पहिल्या सहा महिन्यांसाठी यापेक्षा चांगली खरेदी नाही. पुढे मात्र तो अपुरा पडतो, विशेषतः हाडांसाठी.

बाजारात चार प्रकार दिसतात. पहिला सपाट, लांब पट्टा, साधारण १५ सेंटीमीटर रुंद. दुसरा छोटा गोल पट्टा, म्हणजे लूप, तो मांड्यांभोवती किंवा घोट्यांभोवती घालतात. तिसरा मुठी लावलेली रबरी नळी. चौथा जाड मोठा लूप, तो जिममधली मुलं वापरतात आणि तो आपल्याला सध्या नको. मुठींची नळी हातात धरायला सगळ्यात सोपी, म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. पण तिचं दुबळं ठिकाण मूठ आणि नळी यांच्या सांध्यात असतं. आतली गोटी सटकली की नळी थेट तोंडावर येते, आणि सांध्यातली चीर वरून दिसतही नाही. सपाट पट्टा बिघडतो तो डोळ्यांसमोर, त्याची चीर दिसते. म्हणून सपाट पट्टाच घ्यावा असं आम्ही ठामपणे सांगतो.

लांबी दीड मीटर हवी. ऑनलाइन बरेच पट्टे १.२ मीटरचे असतात. ते दोन्ही पायांखाली धरून उभं राहिलं की हातात धरायला टोकंच उरत नाहीत, मग बाई वाकून व्यायाम करते आणि कंबर धरते. उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर दोन मीटर घ्या. काही फिजिओथेरपी केंद्रांत आणि सर्जिकल सामानाच्या दुकानांत मोठ्या गुंडाळीतून हवी तेवढी लांबी कापून देतात. तिथे घेतलेलं बरं, कारण हात लावून बघता येतं.

रंगांची गोष्ट नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. थेराबँड या मूळ कंपनीच्या पट्ट्यांत पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम आहे. पट्टा ताणून दुप्पट लांब केला की पिवळ्यात सुमारे १.३ किलोचा जोर लागतो, लालमध्ये १.७, हिरव्यात २.१, निळ्यात २.६ आणि काळ्यात ३.३ किलो. पण हे रंग त्या कंपनीचे. दुसऱ्या कंपनीचा हिरवा सगळ्यात हलका असू शकतो आणि पिवळा सगळ्यात जड. फिजिओथेरपिस्टने 'लाल आणा' म्हटलं आणि ऑनलाइन भलत्याच कंपनीचा लाल मागवला, तर तो दुखऱ्या खांद्याला नको तेवढा जड निघू शकतो. रंगावर जाऊ नका, पट्टा करून बघा. पट्ट्याच्या मधोमध दोन्ही पावलं ठेवून उभं राहायचं, टोकं धरायची, कोपरं अंगाला चिकटवून हात खांद्याकडे वळवायचे. आठ ते बारा वेळा जमलं आणि शेवटचे दोन जड गेले, तर तो पट्टा तुमचा. वीस वेळा सहज झाले तर हलका. पाचव्यालाच खांदे कानाकडे उचलले गेले तर जड.

चाळिशी-पन्नाशीच्या, आधी व्यायाम न केलेल्या बहुतेक बायकांना मूळ कंपनीच्या हिशेबाने लाल आणि हिरवा या दोन पट्ट्यांवर सहा महिने निघतात. पाच रंगांचा संच घेण्यात अर्थ नाही. पिवळा महिन्याभरात पडून राहतो आणि काळ्याला हात लागत नाही. संचातले पट्टे बहुधा आखूडही असतात. एक लाल, एक हिरवा आणि मांड्यांसाठी एक कापडी लूप, एवढं पुरे. साध्या कंपन्यांचे पट्टे दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात, नावाजलेल्या कंपन्यांचे त्याहून बरेच महाग. स्वस्त पट्टा वाईटच असतो असं नाही, पण तो खिडकीजवळच्या उजेडात ताणून बघा. जाडी सगळीकडे सारखी हवी. मध्येच पातळ, पारदर्शक पट्टी दिसली तर परत करा, तो तिथेच तुटणार.

लूप मात्र कापडीच घ्या. पातळ रबरी लूप चालताना वर गुंडाळला जातो, त्याची दोरी होते आणि मांडीला काचते. कापडी लूप जागेवर राहतो. त्याची उणीव एवढीच की तो फार ताणला जात नाही, म्हणून हातांच्या व्यायामाला निरुपयोगी.

रबराचा वास खूप येत असेल तर दोन दिवस सावलीत टांगून ठेवा. हाताला खाज किंवा पुरळ आलं तर मात्र सवय होईल म्हणून थांबू नका. ती लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. लॅटेक्स नसलेले पट्टे मिळतात, वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं.

आता वापर. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवसाची विश्रांती, प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटं. साडी किंवा गाऊनवर हे करू नका. पट्टा कापडावरून घसरतो आणि पावलाखाली काय चाललंय ते दिसत नाही. सलवार किंवा ट्रॅक पँट घाला. बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. अंगठीच्या खड्याने किंवा बांगडीच्या टोकाने रबराला केसाएवढी चीर जाते, ती दिसत नाही आणि पुढच्या आठवड्यात पट्टा तिथे फाटतो. हाताला तेल, बाम, क्रीम असेल तर धुऊन पुसा, तेलाने रबर कुजतं. सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि खांदे फिरवणं.

खुर्चीतून उठणं-बसणं हा यातला सगळ्यात मोलाचा व्यायाम. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, भिंतीला टेकवलेली. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते. पट्टा दोन्ही पावलांच्या मध्याखाली, टोकं हातात, हात कमरेशी. पावलांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे बोटांच्या दिशेने. श्वास सोडत उठा, तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण स्नायूला उतरतानाही काम असतं. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. गुडघे आत झुकत असतील तर कापडी लूप गुडघ्यांच्या वर घाला आणि त्याला बाहेर ढकलत उठा. सुरुवातीला पट्ट्याशिवायही दहा वेळा जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

दुसरा, पट्टा ओढण्याचा. खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर पट्टा अडकवायचा. गज गंजलेला किंवा धारेचा असेल तर मध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळा. दोन पावलं मागे उभं राहून कोपरं अंगालगत मागे न्यायची, पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे आणायची, दोन आकडे थांबायचं, सावकाश सोडायचं. दहा ते बारा वेळा, दोन फेऱ्या. दिवसभर ओट्याशी, संगणकाशी, मोबाइलवर वाकलेल्या पाठीला हा व्यायाम फार उपयोगी. दाराच्या कडीला पट्टा बांधत असाल तर दार आपल्याकडे उघडणारं नको, आणि आतून कुलूप लावा. कुणी अचानक दार उघडलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

तिसरा, ढकलण्याचा. पट्टा पाठीमागून काखांखालून घेऊन दोन्ही टोकं पुढे ढकलायची. मनगट सरळ. ते मागे वाकलं तर दुखतं. बोटांचे सांधे दुखत असतील तर पट्टा तळहाताला दोन वेढे देऊन धरा, मुठीत आवळू नका. टोकाला मूठ म्हणून कापड शिवायचा मोह होतो, तो आवरा. सुईच्या प्रत्येक भोकातून रबर फाटत जातं. त्याऐवजी गाठ मारून फास करा.

चौथा, कापडी लूप गुडघ्यांच्या वर घालून, गुडघे किंचित वाकवून आडवं चालणं. उजवीकडे दहा पावलं, डावीकडे दहा. खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट झाले की एका पायावर भार आला तरी तोल सांभाळता येतो, आणि ओल्या फरशीवर किंवा पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पायरीवर वाचवतो तो हा तोलच. पाचव्याला पट्टा लागत नाही: ओट्याला हात लावून टाचा उचलायच्या, पंधरा वेळा, आणि शेवटी एका पायावर दहा सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत उभं राहायचं. हा तोलाचा भाग दूध तापेपर्यंत रोज करता येतो.

पट्ट्याला वजनाचा आकडा नसतो, ही त्याची खरी अडचण. आज किती ताणला आणि गेल्या आठवड्यात किती, हे कळत नाही, म्हणून पुष्कळजणी सहा महिने त्याच जोरावर अडकतात आणि 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात. उपाय सोपा आहे. बॉलपेनने पट्ट्यावर मध्यापासून दोन्ही बाजूंना चार-चार बोटांवर खुणा करा. कोणत्या खुणेवर धरलं ते वहीत लिहा. एका खुणेवर दोन्ही फेऱ्यांत बारा वेळा सलग दोन दिवस नीट झाले की हात पुढच्या आतल्या खुणेवर न्या. धरलेला तुकडा आखूड झाला की त्याच हालचालीला जोर जास्त लागतो. सगळ्यात आतल्या खुणेवर बारा झाले की पुढचा रंग. आणि कोणताही पट्टा मूळ लांबीच्या तिपटीपेक्षा जास्त ताणू नका.

दुसरी अडचण पट्ट्याच्या स्वभावात आहे. सुरुवातीला तो सैल असतो आणि शेवटी जड. डंबेलचं वजन वाटभर तेवढंच राहतं. उठताना सगळ्यात अवघड असतं ते अगदी खालून सुटणं, आणि नेमका तिथेच पट्टा सैल असल्याने स्नायूला काम देत नाही. शिवाय हाड घट्ट व्हायला मोठा भार किंवा हादरा लागतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांवर लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरीखुरी जड वजनं उचलायला लावली होती आणि कमरेच्या मणक्यांची घनता सुधारली. तो भार रबरी पट्ट्याने येत नाही. पट्टा त्या पायरीपर्यंत नेतो: सांधे तयार होतात, पवित्रा नीट होतो, स्नायूंना काम करायची सवय लागते. सहा महिन्यांनी दोन-तीन किलोची डंबेल्सची जोडी घ्या आणि जवळ चांगला प्रशिक्षक असेल तर त्याहून पुढे जा. डंबेल्स लोखंडी किंवा रबराचा थर दिलेली घ्यावीत. सिमेंट भरलेली प्लॅस्टिकची स्वस्त असतात, पण आकाराने मोठी, मुठीत नीट बसत नाहीत आणि सांध्यावर फुटली की घरभर भुकटी.

पट्ट्याच्या खोक्यावर 'पोटाचा घेर कमी', 'मांड्या बारीक' असं छापलेलं असतं. एका जागची चरबी त्या जागच्या व्यायामाने जात नाही. अंगातून गरम वाफा येण्यावरही हा इलाज नाही. वाफांनी झोप उडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थोडंसं जरी रक्त दिसलं, तर ते 'वयाचं' समजून बसू नका, लगेच तपासून घ्या.

कुणी थेट सुरुवात करू नये तेही सांगतो. रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी औषध आणि डॉक्टरांची परवानगी. व्यायामात श्वास कधीच रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. खांदा आखडलेला असेल, म्हणजे ब्लाउजचं हूक लावायला किंवा केस बांधायला हात मागे जात नसेल, तर डोक्यावर हात नेण्याचे व्यायाम टाळा. हा त्रास चाळीस ते साठ या वयात आणि मधुमेहात जास्त दिसतो आणि त्याला फिजिओथेरपिस्टच हवा. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे, उताणं झोपून धड वर उचलण्याचे पोटाचे आणि कमरेतून पिळण्याचे व्यायाम नकोत, मणका दबून मोडू शकतो. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून फुकट सांगतात तो आकडा फार तर इशारा म्हणून घ्या. निदान खुबा आणि कमरेच्या डेक्सावरच होतं.

जोर लावताना लघवीचे थेंब जातात म्हणून कित्येकजणी व्यायामच सोडतात आणि कुणाला सांगतही नाहीत. हे फार सर्रास होतं आणि बरं होतं. उठण्याआधी, लघवी अडवताना जे स्नायू आकसतात ते वर ओढून घ्यायचे, मग उठायचं. याखेरीज रोज तीन वेळा, दहा-दहा वेळा, पाच सेकंद आकसून पाच सेकंद सोडायचे. फरक दिसायला तीन महिने लागतात. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र धार अडवण्याचा सराव करू नका. अंग बाहेर आल्यासारखं जड वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

व्यायामाला खाणं हवं. साठ किलोच्या बाईला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि चहा-खारी, पोळी-भाजी, पातळ वरण यांत ती भरत नाहीत. प्रत्येक जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पिठलं, दही, अंडं किंवा मासे यांतलं काहीतरी हवंच. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, मोड आणून दळली तर ते अंगी जास्त लागतं. कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर कार्बोनेटची जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आत घ्यावी, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी वर्षानुवर्षं आपल्या मनाने चालू ठेवू नका, अति झाली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.

पट्ट्याची निगा कमी लागते. घामट झाला तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, थोडी टाल्कम पावडर चोळून सैल गुंडाळी करून कपाटात ठेवा. खिडकीच्या गजाला बांधून तसाच सोडला तर उन्हाने ठिसूळ होतो, आणि पावसाळ्यात पावडर न लावता घडी केली तर चिकटून उलगडताना फाटतो. दर आठवड्याला उजेडात ताणून बघा. कडेला नखाएवढीही चीर दिसली, रंग पांढुरका पडला किंवा ताणल्यावर बारीक सुरकुत्या उरल्या, तर तो टाकून द्या. फाटका पट्टा गाठ मारून व्यायामाला वापरू नका. त्याचे तुकडे घट्ट बसलेल्या बरण्यांची झाकणं उघडायला छान उपयोगी पडतात.